पेटीतला साप आणि बारीक जीव

बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यातील तागडगाव येथे ‘सर्पराज्ञी’ हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे. जखमी वा संकटात सापडलेले वन्यजीव तेथे आणले जातात, त्यांची शुश्रूषा होते आणि बरे झाले की त्यांना पुन्हा निसर्गात सोडले जाते. मुक्काम बरे होईपर्यंतच, हे अशा केंद्रांचे तत्त्व. सापाच्या बाबतीत या तत्त्वाचे मोल एका अगदी क्षुद्र जिवावरून ध्यानात येते. तो जीव म्हणजे माइट.

गोचिडाच्या कुळातला हा जीव मोहरीच्या दाण्याहूनही लहान असतो. खवल्यांच्या फटीत, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखाली दडून तो सापाचे रक्त शोषतो. साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात पडून राहू लागला, त्याने अन्न सोडले, कात तुकड्यातुकड्यांनी निघू लागली किंवा पाण्याच्या तळाशी काळे ठिपके दिसले, तर माइटची शंका घ्यावी. प्रादुर्भाव वाढला की साप रक्तक्षयाने क्षीण होतो.

मादी अंडी सापाच्या अंगावर नव्हे, तर आसपासच्या सांदीकोपऱ्यात घालते. रानातला साप पुढे निघून जातो आणि अंडी मागे राहतात. पेटीतल्या सापाला जायला जागाच नसते. एक मादी आयुष्यात 60 ते 80 अंडी घालते आणि उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. चक्रवाढ व्याजाचा हा हिशेब व्यापारी घरांना समजावून सांगायला नको.

म्हणूनच उपचार सापाइतकाच पेटीचाही करावा लागतो. आतला भुसा, लाकूड, साली काढून टाकाव्यात, पेटी गरम पाण्याने धुऊन सांधे कोरडे करावेत आणि तळाशी साधा कागद अंथरून तो रोज बदलावा. सापाला डोके वर राहील इतक्याच कोमट पाण्यात ठेवावे. औषध मात्र पशुवैद्यकांनीच द्यावे. घरातले झुरळ-डासांचे फवारे सापाच्या जिवावर बेततात. हा क्रम काही आठवडे चालवावा लागतो, कारण राहिलेली अंडी पुन्हा फुटतात.

येथे जैन मनाला प्रश्न पडतो. साप पंचेंद्रिय जीव खरा, पण जू-ढेकणांप्रमाणे माइटही जीवच. एकाला वाचवताना दुसऱ्यांची हिंसा घडते. आपल्या परंपरेने सांगितलेली जयणा येथे वाट दाखवते. धान्याला वेळेवर ऊन दाखवले, कोठी स्वच्छ ठेवली, तर किडे मारण्याची वेळच येत नाही. सापाच्या पेटीलाही हाच न्याय लागू आहे. त्याच्याही मागचा प्रश्न असा, की पेटी हवीच कशाला?

भगवान महावीरांच्या उपदेशाने शांत झालेला चंडकौशिक नाग सर्वांना ठाऊक आहे. लोकांनी भक्तीने वाहिलेल्या दुधा-तुपाने मुंग्या आल्या, त्यांनी त्याचे अंग पोखरले, तरी त्या चिरडू नयेत म्हणून तो हालला नाही. ते सहन करणे त्याने स्वेच्छेने पत्करले होते. पेटीतल्या सापावर ते आपण लादतो.

कायद्याचा कौलही हाच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये नाग, धामण, अजगर यांसारखे देशी साप घरी पाळता येत नाहीत. बॉल पायथनसारखा परदेशी साप कोणाकडे असेल, तर 2024 च्या नियमांनुसार त्याची ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. दुकानात, गोदामात साप निघाला, तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. तोवर दुरून लक्ष ठेवावे. त्याला बरणीत वा डब्यात कोंडू नये, दूधही पाजू नये. साप दूध पिणारा प्राणी नव्हे.

सापाला त्याचे रान परत मिळाले, तर त्याचीही सुटका होते आणि त्या बारीक जिवांना मारण्याच्या पापातून आपलीही.