बारा इंच आणि एक सूत

"काका, चढाला पायडल सटकतंय. नवी चेन टाकली तेव्हापासून."

कात्रजच्या चढावरून आलेला मुलगा घामाने निथळतोय. पुण्याच्या पेठेतल्या या छोट्या दुकानापुढे त्याने उभी केलेली सायकल म्हणजे नॉटिंगहॅमची जुनी रॅले. सळ्यांचे ब्रेक, २८ इंची चाकं आणि पुढच्या चेनव्हीलमध्येच कापून काढलेली बगळ्याच्या मुंडक्यांची नक्षी. काका आधी त्या नक्षीवरून अंगठा फिरवतात. मग विचारतात, "जुनी चेन आणलीयस?"

मुलगा पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली काळी चेन काढतो. काकांचा चेहरा खुलतो.

सायकल घोड्यावर न लावता ते पुढचं चाक भिंतीला टेकवतात. फ्रीव्हीलच्या एका दातावर आणि त्यावर बसलेल्या कडीवर खडूची खूण करतात. मुलाला मागचा ब्रेक आवळायला लावतात आणि स्वतः पायडलवर भार देतात. मी खाली वाकून बघतो. रोलर दाताच्या अंगाने वर चढू लागतो, टोकाशी येतो आणि खट्! दातावरची खूण जागच्या जागी. कडीवरची एक दात पुढे.

"फ्रीव्हील आतून सटकत असतं तर?" मी विचारतो.

"तर दोन्ही खुणा बरोबरीने सरकल्या असत्या. आतले खटके धरेनासे झाले की दात चेनसकट फिरतात, चाक मात्र थांबून राहतं. हिचे खटके धरतायत. चेन दातांवरून उडी मारतेय."

आता जुनी चेन खिळ्याला टांगली जाते. काका तिच्याशेजारी पोलादी पट्टी धरतात. शून्य एका पिनेच्या मध्यावर. चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे चोविसाव्या कडीची पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. सायकलवरची नवी चेन तशीच भरते. टांगलेल्या चेनची पिन मात्र १२ इंच ओलांडून पूर्ण एक सूत खाली गेलेली आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शेकड्याला एक इतकी वाढ.

चेन ताणली गेली, असं आपण सहज म्हणतो. पण तिचे पत्रे ताणले जात नाहीत. हान्स रेनोल्डने १८८० साली मँचेस्टरमध्ये जी बुश-रोलर चेन बनवली, तिचीच ही रचना: पिन बुशमध्ये फिरते आणि बुशवर रोलर. रस्त्याची बारीक धूळ तेलात मिसळून आत शिरते आणि पिन व बुश दोघांनाही घासत राहते. प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट पडते. या सायकलला सुमारे ५६ इंचांची चेन लागते. तेवढ्या लांबीत त्या फटींची बेरीज अर्ध्या इंचावर जाते.

ही वाढ इतकी वर्षं लपली कशी, ते मागच्या खाचेत दिसतं. आसाच्या नटाचे वळ एकामागे एक उमटलेत. चेन ढिली झाली की कोणीतरी चाक जरा मागे ओढून नट आवळलाय. झोळ गेला, झीज तशीच राहिली.

"पण काका, जुनी चेन तर सटकत नव्हती!"

"कशी सटकेल? दोघं एकमेकांच्या संगतीने झिजले." काका टॉर्च फ्रीव्हीलवर धरतात. दात एका बाजूने खाल्ले गेलेत, टोकं विळ्यासारखी वाकलीत. वाढलेल्या कड्या या वाढलेल्या खाचांत बसून जात होत्या. नवीच्या नेमक्या अर्ध्या इंचाला इथे जागाच उरलेली नाही, म्हणून जोर आला की तिचा रोलर वाकड्या टोकावर चढतो.

मुलाची नजर पुढे बगळ्यांकडे जाते. "आणि हे?"

काका चेनव्हीलच्या पुढच्या टोकाशी चेन बोटांनी बाहेर ओढून बघतात. ती जेमतेम हलते. दात दोन्ही बाजूंनी सारखे, माथे शाबूत. पुढे ४६ दात, मागे १८. पायडलच्या एका फेरीत पुढचा दात एकदा राबतो, तर मागचा अडीच वेळा. म्हणून आधी मागचे गेले. पण जुनी चेन तशीच चालत राहिली असती, तर पुढचेही गेलेच असते. फ्रीव्हील आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. बगळे कापलेलं चेनव्हील तसं मिळत नाही, आणि ते या सायकलच्या उजव्या क्रँकशी जोडलेलंच आहे.

काका मागचं चाक काढतात, दोन दात्यांचा पाना फ्रीव्हीलच्या खाचांत बसवून व्हाइसमध्ये पकडतात आणि टायर दोन्ही हातांनी धरून डावीकडे जोर लावतात. करकरत आटे सुटतात. आट्यांना ग्रीस लागतं, नवं १८ दाती फ्रीव्हील चढतं, चाक खाचेत सरळ बसतं. पुन्हा खडू, पुन्हा ब्रेक, पुन्हा काकांचा सगळा भार. या वेळी दोन्ही खुणा एकमेकींसमोरच राहतात.

पैसे घेताना काका पट्टी मुलाच्या हातात देतात आणि १२ च्या पुढच्या बारीक रेघेवर नख टेकवतात. "मधूनमधून चेन मोजत जा. अर्धं सूत वाढलं की चेन बदल, दात वाचतील. एका सुताची वाट बघू नकोस."