बी नाही, फूल नाही, तरी झाड! साध्या पेशीपासून रोप कसं तयार होतं?

माझ्या मामाची वरुडजवळ संत्र्याची बाग आहे. लहानपणी तिथे एक गंमत बघितली होती. जंभेरीचं एकच बी मातीत टाकलं आणि त्यातून दोन-तीन कोंब वर आले. जंभेरी म्हणजे खडबडीत सालीचं लिंबू. विदर्भात हीच रोपं खुंट म्हणून वाढवतात आणि त्यावर संत्र्याचा डोळा बांधतात. एका बीमधून तीन रोपं कशी, हा प्रश्न तेव्हा तसाच राहिला. पुढे मी इंजिनीअरिंगला गेलो, कोड लिहायला लागलो आणि विषय डोक्यातून गेला.

उत्तर बऱ्याच वर्षांनी सापडलं. त्या कोंबांपैकी एखादाच परागकण आणि बीजांड यांच्या मिलनातून आलेला असतो. बाकीचे बीजांडातल्या आईच्या साध्या पेशींपासून तयार होतात. म्हणजे ती आईचीच हुबेहूब कॉपी! म्हणून तर जंभेरीची रोपं बीपासून वाढवूनही बहुतेक एकसारखी निघतात, आणि वेगळं दिसणारं रोप नर्सरीवाले उपटून टाकतात.

निसर्ग हे करतो, मग आपण प्रयोगशाळेत करू शकतो का? करू शकतो. या तंत्राला सोमॅटिक एम्ब्रियोजेनेसिस म्हणतात, मराठीत कायिक भ्रूणनिर्मिती. पान, खोड, मूळ अशा प्रजननाशी संबंध नसलेल्या पेशींपासून थेट भ्रूण तयार करायचा.

हे शक्य कसं होतं?

झाडाच्या जवळपास प्रत्येक पेशीत संपूर्ण झाडाचा डीएनए असतो. पानाच्या पेशीतही मूळ कसं बनवायचं याचा कोड असतो, फक्त तो बंद ठेवलेला असतो. तुमच्या आणि मित्राच्या फोनमध्ये एकच ऑपरेटिंग सिस्टिम असते, पण सेटिंग्ज वेगळ्या असतात, तसंच समजा. पेशीच्या सेटिंग्ज पुसल्या तर ती परत पहिल्यापासून सुरुवात करू शकेल. थोडक्यात, फॅक्टरी रिसेट.

ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हाबरलांट यांनी 1902 मध्येच म्हटलं होतं की साध्या पेशींपासून कृत्रिम भ्रूण वाढवता येतील. त्यांना स्वतःला ते जमलं नाही. 1958 च्या सुमारास अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात स्टीवर्ड आणि जर्मनीत राइनर्ट यांनी वेगवेगळं काम करून ते दाखवलं. दोघांनीही निवडलं गाजर! स्टीवर्ड यांनी पेशींना खुराक म्हणून चक्क नारळाचं पाणी वापरलं होतं. कोवळ्या नारळातलं पाणी हे मुळात त्याच्या भ्रूणाचंच अन्न, त्यामुळे ते कामी आलं.

प्रयोगशाळेत नेमकं काय करतात?

गाजराचंच उदाहरण घेऊ.

1. गाजराचा छोटा तुकडा निर्जंतुक करतात. एक जरी बुरशीचा कण राहिला तरी सगळी बाटली वाया जाते.

2. तो तुकडा साखर, क्षार आणि जीवनसत्त्वं असलेल्या माध्यमावर ठेवतात. त्यात टू-फोर-डी नावाचं संप्रेरक अगदी थोडं घालतात, लिटरला एखादा मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. नाव ओळखीचं वाटलं ना? शेतात तणनाशक म्हणून मारतात तेच हे. जास्त प्रमाणात ते रुंद पानांचं तण मारतं, पण इतक्या कमी प्रमाणात पेशींना वाढायला लावतं. काही आठवड्यांत पेशींचा बेढब गोळा तयार होतो. याला कॅलस म्हणतात.

3. आता खरी गंमत. हा गोळा टू-फोर-डी नसलेल्या माध्यमात हलवतात. संप्रेरक काढून घेतलं की पेशींचे छोटे पुंजके भ्रूण बनायला लागतात. आधी गोल, मग बदामासारखे, मग लांबट. बीमधला भ्रूण ज्या पायऱ्यांनी वाढतो, जवळपास त्याच पायऱ्या.

4. भ्रूण रुजला की रोपाला हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावतात आणि मगच मातीत लावतात.

मग जळगावची टिश्यू कल्चर केळी म्हणजे हेच का?

नाही, आणि इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. शेतकरी जी ग्रँड नैन केळीची रोपं घेतात ती बहुतांशी कोंबाच्या टोकापासून वाढवलेली असतात. एका कोंबाचे अनेक कोंब करायचे, ते हाताने कापून वेगळे करायचे आणि नंतर मुळं फुटवायची. भ्रूणाला मात्र कोंब आणि मूळ दोन्ही टोकं सुरुवातीपासूनच असतात. शिवाय द्रव माध्यमात एका बाटलीत असंख्य भ्रूण वाढू शकतात.

पण कॉपी खरंच हुबेहूब असते का?

आता तेलताडाची गोष्ट ऐका. बिस्किटांपासून साबणापर्यंत ज्याचं पाम तेल जातं, ते हे झाड. केळीला मुनवे येतात, तेलताडाला येत नाहीत. त्याचा वाढणारा कोंब एकच. त्यामुळे भरपूर तेल देणाऱ्या झाडाची कॉपी करायला भ्रूणाचा मार्गच उरला. तशी रोपं तयार झाली, लावली गेली. नर्सरीत सगळी ठणठणीत. पण पुढे काही वर्षांनी फळं धरली तेव्हा काही झाडांची फळं विचित्र निघाली. फुलातले पुंकेसर स्त्री भागांसारखे वाढले होते, त्यामुळे फळं बेढब झाली आणि तेल घटलं. 1980 च्या दशकात ही तक्रार पुढे आली आणि या तंत्राचा जोरच ओसरला.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुःख बरोबर कळेल. सगळ्या टेस्ट पास, आणि बग सापडतो थेट लाइव्ह गेल्यावर. इथे तर जमीन, खत, पाणी आणि तीन-चार वर्षं घालवल्यावर.

कारण कळायला 2015 उजाडलं. मलेशियातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये ते मांडलं. डीएनएचा कोड बदललाच नव्हता! फूल घडवणाऱ्या एका जनुकाच्या आत डीएनएचा एक तुकडा बसलेला असतो. त्याचं नाव चक्क 'कर्मा'. नेहमी त्याच्यावर मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा असतात. प्रयोगशाळेतल्या रिसेटमध्ये काही रोपांत या खुणा पुसल्या गेल्या. म्हणजे जी सेटिंग राहायला हवी होती तीही उडाली. खुणा शाबूत असतील तर फळ चांगलं, नसतील तर बेढब. संशोधकांनी त्यांना गुड कर्मा आणि बॅड कर्मा अशीच नावं दिली.

यातून मोठा फायदा झाला. रोप लहान असतानाच पानाचा तुकडा तपासून पुढे फळ कसं येईल हे सांगणं शक्य झालं.

आपल्याला याचं काय?

जीन एडिटिंगबद्दल तुम्ही वाचत असालच. पण त्यात बदल होतो तो पेशीत, आणि शेतकऱ्याला हवं असतं पूर्ण झाड. अनेक पिकांत पेशी ते झाड हा रस्ता अशाच भ्रूणातून जातो. म्हणून पुढच्या काळात हा शब्द तुमच्या कानावर वारंवार येईल.

आणि घरी कुणी फळबाग लावणार असेल तर एक लक्षात ठेवा. 'टिश्यू कल्चर' एवढं ऐकून गप्प बसू नका. रोप कोंबापासून केलंय की भ्रूणापासून, आणि याच पद्धतीच्या आधीच्या झाडांना फळं कशी आली, हे विचारा. मोबाइल खराब निघाला तर बदलून मिळतो. बागेची गेलेली वर्षं परत मिळत नाहीत.