मोगलाईबाहेरचा मराठवाडा

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाटूर लागते. दक्षिणेस परतूरचे रेल्वे स्टेशन आणि उत्तरेस, सिंदखेडराजा व लोणार यांच्या रोखाने गेले की, बुलढाणा जिल्ह्याची हद्द. ही हद्द आज कोणाच्या ध्यानातही येत नाही; परंतु 1948 साली तिच्या अलीकडे निजामाची मोगलाई होती आणि पलीकडे स्वतंत्र हिंदुस्थान होता, आणि परभणी जिल्ह्यात मोडणाऱ्या त्या वेळच्या परतूर तालुक्यातील माणसाला ज्या दिवशी निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र रझाकारांच्या भीतीने घर सोडावे लागे, त्या दिवशी तो आपल्याच मुलखाच्या शेजारी, आपलीच भाषा बोलणाऱ्या लोकांत, निर्वासित होऊन उभा राही. बेलारूसमधून परागंदा झालेले लोक पोलंड-लिथुआनियात संस्था स्थापून स्वदेशातील लोकशाहीसाठी झटत आहेत, अशी वार्ता वाचनात येते तेव्हा मराठवाड्यातील वाचकाने ती परक्यांची म्हणून बाजूला सारू नये. परमुलखात राहून स्वमुलखाचे राजकारण चालविणे म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांनी प्रत्यक्ष अनुभवलेले आहे.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात सभा भरविण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागे. गश्ती क्रमांक 53 या कुप्रसिद्ध फतव्याने सार्वजनिक जीवनाचा गळाच आवळून धरला होता. म्हणून संस्थानी प्रजेच्या राजकीय परिषदा संस्थानात भरूच शकल्या नाहीत. पहिली 1923 साली काकिनाड्याला झाली, पुढे मुंबई, पुणे आणि अकोला येथे झाल्या, आणि पुण्याच्या परिषदेचे अध्यक्षपद 1928 साली न. चिं. केळकर यांनी भूषविले. ज्यांच्या दुःखांचा विचार करावयाचा ते घरी आणि विचार करणारे परमुलखात, ही स्थिती कोणत्याही चळवळीला दीर्घकाळ मानवणारी नसते. त्यामुळे 1937 साली संस्थानातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली खुद्द परतूर येथे भरले, ही घटना मला फार मोलाची वाटते. वाटूरच्या शेजारच्या त्या गावी मराठवाड्याने प्रथमच आपल्या घरात, आपल्या नावाने, एकत्र बसून आपले गाऱ्हाणे मांडले.

त्याच सुमारास आ. कृ. वाघमारे यांनी पुण्याहून ‘मराठवाडा’ साप्ताहिक सुरू केले. निजाम सरकारने त्याच्यावर प्रवेशबंदी घातली की ते निराळे नाव धारण करून पुन्हा हद्दीत शिरे. नव्या नावावर बंदी आली की आणखी एक नाव घेई. पत्र पुण्यात छापले जाई, परंतु त्याचा वाचक गोदाकाठी होता, आणि तो चोरून का होईना वाचीत होता, म्हणूनच त्या उद्योगाला अर्थ होता.

12 जून 1947 रोजी निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला, आणि 15 ऑगस्टला, देश आनंदात असताना, हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ यांना हैदराबादेत अटक झाली. त्यानंतर लढ्याचे सूत्रसंचालन सरहद्दीबाहेर गेले. दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांचे सहकारी यांच्या कृतिसमितीने ते हाती घेतले. संस्थानातून येणाऱ्या रेल्वेच्या शेवटाला असलेले मनमाड हे एक प्रमुख ठाणे झाले, आणि उमरखेड, वाशीम, बार्शी अशा हद्दीवरील गावी कॅम्प उभे राहिले. वकिलांनी सनदा बाजूला ठेवल्या, विद्यार्थ्यांनी शाळा सोडल्या. रात्री हद्द ओलांडून करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी उद्ध्वस्त करावयाची, आबकारीचे उत्पन्न बुडावे म्हणून शिंदीची झाडे तोडावयाची, आणि उजाडण्यापूर्वी परत यावयाचे, असा क्रम चालला. पुढे या कॅम्पांत शस्त्रेही आली. अहिंसेच्या व्रतात वाढलेल्या माणसांना हा निर्णय सोपा गेला नसणार, आणि त्याची चिकित्सा अवश्य व्हावी. मात्र गावे जळत असताना तो घ्यावा लागला, हे चिकित्सकाने विसरू नये.

लढ्याच्या या पराक्रमाचे वर्णन पुष्कळ झाले. निर्वासितांच्या संसाराचे तितके झालेले नाही. घर सोडून आलेल्या कुटुंबाच्या कनवटीला निजामाचा हाली सिक्का असे. हद्दीपलीकडे तो चालत नसे. सात हाली रुपयांना साधारण सहा कलदार, म्हणजे हिंदुस्थानी रुपये, हा भाव. म्हणजे उभे पीक, जनावरे, दस्तऐवज सारे मागे टाकून आलेल्या माणसाने जे थोडके रोख आणले, त्यालाही पहिल्याच बाजारात तूट लागे. धान्य, निवारा, औषधपाणी आणि मागे राहिलेल्यांची खबरबात ही त्याची निकड होती, आणि ती भागविणाऱ्यांचे काम लढणाऱ्यांच्या कामाइतकेच राजकीय होते, असे माझे स्पष्ट मत आहे; कारण पोटासाठी हताश होऊन परत फिरलेला निर्वासित हा जुलमी राजवटीचा विजय असतो.

बेलारूसच्या लोकांचा वनवास याहून कितीतरी दीर्घ आहे. 25 मार्च 1918 रोजी त्यांनी आपल्या प्रजासत्ताकाच्या स्वातंत्र्याची घोषणा केली, आणि लवकरच त्या प्रजासत्ताकाच्या ‘रादा’ला, म्हणजे प्रतिनिधी-मंडळाला, देशाबाहेर जावे लागले. पोलंड आणि युक्रेन यांच्या परागंदा सरकारांनी अनुक्रमे 1990 व 1992 साली स्वदेशातील निर्वाचित राज्यकर्त्यांच्या हाती आपला वारसा सोपविला. बेलारूसची रादा मात्र अजून परदेशातच आहे. बेलारूसमध्ये 1994 पासून अलेक्सांद्र लुकाशेंको यांची सत्ता आहे. 9 ऑगस्ट 2020 च्या निवडणुकीत तुरुंगात डांबलेल्या पतीच्या जागी उभ्या राहिलेल्या स्वेतलाना तिखानोव्स्काया यांना निकालानंतर लिथुआनियात जावे लागले, निषेध करणाऱ्या हजारोंची धरपकड झाली, आणि लक्षावधी नागरिकांनी देश सोडला. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी स्थायिक झालेल्या बेलारूसी कुटुंबांनी ज्या संस्था जपल्या होत्या, त्यांच्या दाराशी ही नवी पिढी येऊन पोहोचली. लंडनमध्ये 1971 साली स्थापन झालेले स्कारीना ग्रंथालय हे त्या जपणुकीचे एक उदाहरण. राजबंद्यांच्या कुटुंबांना मदत, नवागतांना वकील आणि दुभाषी मिळवून देणे, मुलांना मातृभाषा शिकविणे, परराष्ट्रांच्या सरकारांपुढे कैफियत मांडणे ही परदेशस्थ संस्थांची आजची कामे. आपल्या निर्वासिताला हाली सिक्क्याची जी अडचण होती, ती त्यांना पासपोर्टाची आहे: सप्टेंबर 2023 मध्ये बेलारूस सरकारने फर्मान काढून परदेशातील वकिलातींना पासपोर्टाचे नूतनीकरण करण्यास मनाई केली, तेव्हा मुदत संपलेल्याने एक तर मायदेशी जाऊन अटकेचा धोका पत्करावा, नाहीतर परराष्ट्राने दिलेल्या प्रवासपत्रावर दिवस काढावेत.

आपला वनवास मात्र 17 सप्टेंबर 1948 रोजी, भारत सरकारच्या पोलीस कारवाईपुढे निजाम शरण आला तेव्हा, संपला. हद्दीपलीकडे गेलेली माणसे गावोगावी परतली, आणि त्याच सुमारास दुसऱ्या माणसांनी भयाने गावे सोडली. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा आकडा किमान 27,000 ते 40,000 असा अंदाजिला, आणि तो अहवाल कित्येक दशके दप्तरात पडून राहिला. संस्थानाने भारतात सामील व्हावे म्हणून लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हत्या झाली होती, आणि ते मुसलमानच होते. मुक्तिसंग्रामाच्या वार्षिक समारंभांत कॅम्पांचा उल्लेख होतो. त्या भाषणांत शोएबुल्लांचे नाव यावे आणि 1948 च्या त्या हिवाळ्यात घरदार सोडून गेलेल्यांचीही नोंद घेतली जावी, अशी अपेक्षा मी मराठवाड्याकडून बाळगतो.