एकाच आवारातील हौशी रेडिओ अँटेना व मनोरे : अंतरनिश्चितीची तत्त्वे

प्रस्तावना

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमान-निकोबारमधील नेहमीचे दळणवळण कोलमडले, तेव्हा पोर्ट ब्लेअर येथील हौशी रेडिओचालकांनी संदेशवहन चालू ठेवले. अशा प्रसंगी एकाच केंद्रावरून दोन वारंवारतांवर काम करावे लागू शकते. आवारातील अँटेना परस्परांस बाधक असल्यास ते अशक्य होते. प्रस्तुत लेखात अंतरनिश्चितीच्या तीन तत्त्वांचे विवेचन केले आहे.

विवेचन

१) तरंगलांबी : अंतराचा विचार तरंगलांबीच्या प्रमाणात करावा लागतो. ३०० या संख्येस मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागल्यास तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १४.२ मेगाहर्ट्झला ती सुमारे २१ मीटर, तर १४५ मेगाहर्ट्झला सुमारे २ मीटर असते. म्हणजेच दहा मीटरचे अंतर पहिल्या अँटेनास अर्ध्या, तर दुसरीस जवळजवळ पाच तरंगलांबीइतके होते. जवळची, सुमारे अर्ध्या तरंगलांबीची धातूची तार ऊर्जा ग्रहण करून पुन्हा उत्सर्जित करते. शिंतारो उदा व हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास याच गुणधर्मातून दिशादर्शी अँटेना साकारली. मात्र हाच परिणाम अनपेक्षितपणे घडल्यास प्रक्षेपणाची दिशा बिघडते.

२) ग्रहणातील व्यत्यय : ७.१ मेगाहर्ट्झची दुप्पट १४.२ होते. त्यामुळे पहिल्या वारंवारतेवरील प्रक्षेपण दुसरीवरील ग्रहणात व्यत्यय आणू शकते. जागा अपुरी असल्यास एक अँटेना आडवी व दुसरी उभी ठेवावी, अथवा दोन आडव्या तारा समांतर न ठेवता एका रेषेत टोकास टोक येतील अशा बांधाव्यात. जोडीस योग्य गाळणी-मंडल वापरावे.

३) सुरक्षितता : मनोरा कोसळला तरी त्याचा वा अँटेनाचा कोणताही भाग वीजवाहिनीस स्पर्श करणार नाही, इतके अंतर अनिवार्य आहे. अर्थात ते अँटेनासह एकूण उंचीपेक्षा अधिक असले पाहिजे. तसेच सर्व मनोऱ्यांचे अर्थिंग परस्परांस जोडावे. अन्यथा वीज कोसळताना त्यांच्यात घातक विद्युतदाबभेद निर्माण होतो.

निष्कर्ष

पहिल्या दोन बाबतींतील उणीव रचना व गाळणी यांनी बऱ्याच अंशी भरून काढता येते. तिसऱ्या बाबतीत तडजोडीस वाव नाही. म्हणून आराखड्यात प्रथम प्रत्येक मनोऱ्याभोवती त्याच्या एकूण उंचीहून मोठ्या त्रिज्येचे वर्तुळ आखावे, त्यात वीजवाहिनी येत नाही याची खात्री करावी, आणि त्यानंतरच तरंगलांबीचे गणित मांडावे.