दुमजली बसचा जिना आणि हृदयाचा पंप

एकाच बसवर दोन माणसे नोकरी करतात. एक सुकाणू धरून बसलेला असतो, दुसरा तिकिटे देत फिरत असतो. रस्ता तोच, धूर तोच, कामाचे तासही तेच. मग एकाचे हृदय दुसऱ्यापेक्षा अधिक निरोगी असेल काय?

हा प्रश्न डॉ. जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधकाला पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकार वाढत चालला होता आणि त्याचे कारण उलगडत नव्हते. मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९-५० मध्ये लंडनच्या वाहतूक सेवेतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांची माहिती गोळा केली. १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ड्रायव्हरांत दरवर्षी हजारी २.७ जणांना, तर कंडक्टरांत १.९ जणांना हा विकार झाला होता. शिवाय कंडक्टरांना तो उशिरा गाठत होता आणि त्याचे स्वरूपही सौम्य होते.

फरक होता तो जिन्याचा! ड्रायव्हर जवळजवळ सारा वेळ बसून असे, तर कंडक्टर दिवसाकाठी सुमारे ६०० पायऱ्या चढत असे.

पण थांबा. मुळातच स्थूल माणसे ड्रायव्हरची नोकरी पत्करत असतील तर? ही शंका तुमच्या मनात आली असेल, तर तुम्ही शास्त्रज्ञाप्रमाणे विचार करीत आहात. मॉरिस यांनाही ती छळत होती. त्यांनी गणवेशांच्या मापांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर खरोखरच मोठी निघाली! म्हणजे शंका निराधार नव्हती. मात्र पायी वा सायकलवरून टपाल वाटणारे पोस्टमन आणि खुर्चीत बसून काम करणारे कारकून यांच्यातही तसाच फरक आढळला होता. पुढे १९७३ साली त्यांनी बैठे काम करणाऱ्या सरकारी नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फावल्या वेळात दमदार व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकार कमी होता. सगळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवीत होते.

आता थोडे पदार्थविज्ञान. एक पायरी २० सेंटिमीटर उंच धरली, तर ६०० पायऱ्या म्हणजे १२० मीटर चढण. कुतुबमिनारच्या दीडपटीहून जास्त! ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाने केलेले कार्य:

६० × १० × १२० = ७२,००० जूल.

स्नायूंची कार्यक्षमता साधारण एक-चतुर्थांश मानली, तर शरीराला सुमारे २,८८,००० जूल, म्हणजे ७० किलोकॅलरी खर्च येईल. एका पोळीतून याहून जास्त ऊर्जा मिळते! मग लाभ कशाचा? जिना चढताना स्नायू अधिक रक्त मागतात आणि हृदयाला जोमाने काम करावे लागते. रोजच्या या सरावाने ते एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, रक्तवाहिन्या लवचिक राहतात आणि रक्तदाब व साखर आटोक्यात राहण्यास मदत होते.

रक्तवाहिनी अरुंद झाली तर काय होते, हे प्वासय यांचा नियम सांगतो. दाब तोच असता नळीतील प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. केवळ दहा टक्के घटली, तरी प्रवाह सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतो. रक्ताला हा नियम तंतोतंत लागू पडत नाही. पण धोका कोठे आहे ते त्यावरून कळते.

मागच्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. वय अवघे एकोणतीस, नोकरी संगणकापुढची. आमच्या घराचे दोन जिने चढताच त्याला धाप लागली. "सर, सकाळी गाडी, ऑफिसात लिफ्ट, रात्री जेवण बाहेरून. चालायला वेळच कुठे मिळतो?" असे तो हसत म्हणाला. मला मात्र हसू आले नाही. 'इंटरहार्ट' या ५२ देशांतील पाहणीचे २००७ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मला ठाऊक होते. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो.

घरात नोकरी करणारे दादा, ताई असतील, तर त्यांना हे जरूर सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम, उदाहरणार्थ भरभर चालणे, करावा आणि दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. तंबाखू तर नकोच. तिच्यातील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि विडी-सिगारेटच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. छातीत दुखू लागले, तर 'पित्त असेल' म्हणून दुर्लक्ष न करता ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

शेवटी एक प्रयोग. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटावर बोटे ठेवून मिनिटभर नाडी मोजा. महिनाभर रोज अर्धा तास भरभर चाला किंवा खेळा आणि पुन्हा मोजा. (दमा वा हृदयाची तक्रार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.) समजा, एखाद्याची नाडी ७२ वरून ६० वर आली, तर दिवसाला किती ठोके वाचले? १२ × ६० × २४, म्हणजे १७,२८०! तुमच्या घरातील प्रत्येकाचा आकडा वहीत टिपून ठेवा. मॉरिस यांनी तरी याहून वेगळे काय केले होते?