मुंग्या दिसायला लागल्या की

बहिणीने घरातून हाक मारली, “चहा झालाय, येता का दोघं?” मी आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि माझं विमान गेलं. निदान मला तसं वाटलं. गॉगलमध्ये आधी आडवे पट्टे आले, मग मुंग्या, मग नुसता राखाडी पडदा. घाबरून मी मोटर बंद केली. शेजारी उभा असलेला भाचा ओरडला, “मामा, चांगलं उडत होतं की! खाली का आणतोयस?”

विमान वालाच्या शेतात नाक खुपसून पडलेलं सापडलं. फोमचा पंख मोडला होता, कॅमेरा शाबूत होता. वालाच्या चार वेलांची भरपाई म्हणून शेतमालकाने मला पुढच्या रविवारी त्याचं शेत वरून दाखवायला सांगितलं. सौदा स्वस्तात झाला.

माझी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, त्यातली बरीच वर्षं मायक्रोवेव्हच्या टॉवरांवर. निवृत्तीनंतर भाच्याने मला या छंदात ओढलं. बहिणीचं सासर गलोंड्याचं. आमच्या नाशिक जिल्ह्यातून निघालेली दमणगंगा जिथून समुद्राकडे जाते, त्याच दादरा-नगर हवेलीतलं हे गाव. भात कापून झालं की इथे उडवायला मोकळी जागा मिळते. सिल्वाशाच्या कारखान्यांच्या बाजूला तारा आणि पत्र्याच्या शेडी आहेत. इथे बांध, ताड आणि सागाची एक रांग आहे. ही रांग पुढे पुन्हा येईल.

खेळ असा असतो. विमानाच्या नाकावर बोटाच्या पेराएवढा कॅमेरा असतो. त्याचं चित्र एक छोटा ट्रान्समीटर खाली पाठवतो आणि गॉगल घालून उभा असलेला माणूस विमानात बसल्यासारखं ते पाहतो. ‘३ इडियट्स’मध्ये खिडकीपाशी तरंगणारं ते चार पंख्यांचं यंत्र आठवतं? ते आयआयटी मुंबईच्या मुलांनी काढलेल्या आयडियाफोर्ज या कंपनीने बनवलं होतं. आमचं विमान त्याचा गरीब भाऊ, सुटे भाग मागवून घरी जोडलेला. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आणायला बंदी आहे, सुट्या भागांना नाही.

नवशिक्यांना इथे एक गोष्ट कळत नाही. हवेत दोन वेगळे दुवे चालू असतात. हातातल्या रिमोटचे हुकूम वर जातात ते बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर, चित्र खाली येतं ते ५.८ वर. हुकुमांत माहिती थोडी असते, चित्रात प्रचंड. म्हणून चित्र आधी दम सोडतं आणि हुकूम त्याच्या कितीतरी पुढपर्यंत पोचत राहतात. त्या दिवशी विमान माझं ऐकत होतं, मीच त्याला ‘बंद हो’ म्हणालो. चित्र गेलं तर मोटर चालू ठेवायची, विमान थोडं वर न्यायचं आणि घराकडे वळवायचं. जीपीएस बसवलं असेल तर ‘परत ये’चं बटण दाबायचं, मात्र उड्डाणाआधी त्याला पुरेसे उपग्रह मिळालेत आणि घर कुठे ते कळलंय, याची खात्री करायची.

आता मान वळवल्याने चित्र का जावं? माझ्या गॉगलवर पॅच अँटेना होती. ती चपटी पाटी समोरच्या बाजूचंच नीट ऐकते, मागचं जवळजवळ नाही. मी चहाकडे तोंड केलं, म्हणजे विमानाकडे पाठ केली. आता रिसीव्हरवर दोन अँटेना आहेत, एक पॅच आणि एक चहूबाजूंनी ऐकणारी. ज्यावर चित्र बरं, ते रिसीव्हर आपोआप घेतो. विमानावरची अँटेनाही निरागस नसते. ती मेदूवड्याच्या आकारात लहरी फेकते, म्हणजे टोकाच्या दिशेने वड्याचं भोक येतं. विमान तीव्र वळणावर कलंडलं की ते भोक नेमकं तुमच्याकडे येतं. मध्ये बॅटरी आली तर आणखी वाईट.

भाच्याचं म्हणणं, हे सगळं सोडा आणि जास्त ताकदीचा ट्रान्समीटर घ्या. त्याला मी बांधावर बसून हिशेब सांगितला. अंतर दुप्पट करायचं तर ताकद चौपट लागते. २५ मिलिवॉटवर चित्र ४०० मीटर येत असेल, तर ८०० मीटरला १००, आणि १६०० मीटरला ४०० मिलिवॉट. तेवढी ताकद म्हणजे तापणारा ट्रान्समीटर, लवकर संपणारी बॅटरी. उलट जमिनीवरची साधी अँटेना बदलून ६ डेसिबल जास्त ऐकणारी पॅच लावली की अंतर तेवढंच दुप्पट होतं आणि विमानात काही तापत नाही. “म्हणजे ओरडण्यापेक्षा कान चांगला हवा,” तो म्हणाला. पोरगं हुशार आहे, पण ऐकतं उशिरा.

राहिली सागाची रांग. ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम ५ सेंटिमीटर. पानांतलं पाणी तिला गिळतं, खोडाला वळसा घालणं तिला फारसं जमत नाही. पण झाड रेषेतच असावं लागतं असंही नाही, आणि हे मला टॉवरनी शिकवलं होतं. दोन अँटेनांमधली वाट दोरीसारखी बारीक नसते, ती मधे फुगलेल्या लांब काकडीसारखी असते. ४० किलोमीटरच्या, ६ गिगाहर्ट्झच्या दुव्याला ती मध्यावर केंद्रापासून २२ मीटर फुगते. जुन्या सर्वेक्षणात आम्ही एका टेकडीवरून आरशाने उजेड पाडायचो आणि दुसऱ्या टेकडीवरचा सहकारी तो दिसला की सांगायचा. तरीही मधल्या झाडांची उंची वेगळी मोजावीच लागायची. गलोंड्यात १ किलोमीटरला हाच फुगवटा साडेतीन मीटरच्या आसपास. तुम्ही जमिनीवर बसलात आणि विमान खाली उडवलंत, तर त्या काकडीचा खालचा भाग मातीच खाते.

म्हणून आम्ही रिसीव्हरची डबी चार मीटरच्या बांबूवर चढवली. अँटेनाची केबल लांबवली नाही. या वारंवारतेला बारीक कोॲक्स दोन-तीन मीटरांत बहुतेक सिग्नल खाऊन टाकते. डबी वर ठेवायची आणि चित्राची वायर खाली आणायची. एवढ्याने सागाच्या शेंड्यांपाशी येणाऱ्या मुंग्या जवळपास गेल्या. मुंग्यांना मी शिव्या देत नाही, हेही सांगतो. जुन्या पद्धतीचं चित्र मरताना आधी कण्हतं आणि तुम्हाला वळायला वेळ देतं. नव्या डिजिटलचं चित्र देखणं, पण ते बऱ्याचदा चांगलं दिसता दिसता एकदम थिजतं.

नियमांकडे पोरं दुर्लक्ष करतात. ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हा पट्टा २०१८ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला. बाजारातल्या ट्रान्समीटरच्या ‘रेसबँड’मधले शेवटचे दोन चॅनल, ५८८० आणि ५९१७, त्याच्या बाहेर पडतात, ते आम्ही वापरत नाही. परदेशी व्हिडिओत दिसतो तो १.३ गिगाहर्ट्झही इथे मोकळा नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हौसेचं विमान नजरेच्या टप्प्यातच उडवायचं. हिरव्या क्षेत्रात उंचीची मर्यादा ४०० फूट, आणि आपली जागा कोणत्या क्षेत्रात येते ते सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशावर आधी पाहायचं. विमान नजरेत राहावं म्हणून गॉगल एकाच्याच डोळ्यांवर. दुसरा मोकळ्या डोळ्यांनी विमान पाहतो आणि बोलत राहतो.

नवीन जागी आधी पायी चाचणी घ्या. ट्रान्समीटर सर्वात कमी ताकदीवर ठेवा, अँटेना घट्ट बसवल्याशिवाय तो चालू करू नका (जळतो), आणि सोबत्याला विमान डोक्यावर धरून चालत दूर पाठवा. मुंग्या कुठे येतात, झाडाआड किती येतात, विमान फिरवल्यावर किती वाढतात, ते कागदावर लिहा.

आमचा कागद बहिणीच्या स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवलेला आहे. त्यावर सागाची रांग ५५० मीटरवर आहे. चित्र त्यापलीकडेही येतं, पण तिथे आमचं सव्वा मीटरचं विमान मला नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून आम्ही तिथून वळतो.