ओटो फ्रँक : लेकीच्या शब्दांचे विश्वस्त

अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीची दैनंदिनी आज सत्तरहून अधिक भाषांत वाचली जाते. मराठी वाचकांनाही ती परिचित आहे. ती जगासमोर आणणारे तिचे वडील ओटो फ्रँक यांच्याविषयी मात्र आपण फारसे जाणत नाही. ते ना लेखक होते, ना धर्मोपदेशक. ते एक सरळमार्गी व्यापारी होते. सर्वस्व गेल्यावर त्यांनी उरलेले आयुष्य कोणत्या कामी लावले, हे प्रत्येक व्यापारी कुटुंबाने जाणून घ्यावे असे आहे.

ओटो यांचा जन्म 12 मे 1889 रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे झाला. वडिलांची स्वतःची बँक होती आणि तरुणपणी ओटोंनीही बँकेचे काम शिकून घेतले. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात अधिकारी होते. ज्या देशासाठी ते लढले, त्याच देशात 1933 साली हिटलर सत्तेवर आला आणि केवळ ज्यू म्हणून त्यांना पत्नी व दोन मुलींसह देश सोडावा लागला. अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्यांनी नव्याने जम बसवला. प्रथम जॅम घट्ट करण्यासाठी लागणाऱ्या पेक्टिनचा व्यापार सुरू केला आणि 1938 पासून मसाल्यांचाही.

मे 1940 मध्ये जर्मन फौजांनी हॉलंड व्यापले. ज्यूंच्या मालकीचे व्यवसाय हिरावून घेतले जाऊ लागले, तेव्हा ओटोंनी कारभार आपल्या बिगरज्यू सहकाऱ्यांच्या नावे केला. अशा वेळी दुसऱ्याच्या नावावर गेलेला धंदा सहसा परत हाती येत नाही. येथे मात्र तसे घडले नाही. व्हिक्टर कुगलर, योहानेस क्लायमन, मीप गीस आणि बेप व्होस्कॉयल या कार्यालयातील चौघांनी धंदा तर सांभाळलाच; शिवाय 6 जुलै 1942 पासून कार्यालयामागील गुप्त खोल्यांत लपलेल्या आठ जणांना दोन वर्षांहून अधिक काळ अन्न, पुस्तके आणि धीर पुरवला. पकडले गेल्यास आपल्यावर काय ओढवेल याची त्यांना पुरेपूर कल्पना होती. धर्म वेगळा, नाते नोकरीचे. पण मालकाने वर्षानुवर्षे दिलेला मान त्यांनी अशा रीतीने परत केला.

4 ऑगस्ट 1944 रोजी छापा पडला. आठही जणांची छळछावण्यांत रवानगी झाली. 27 जानेवारी 1945 रोजी आउश्वित्झ मुक्त झाले, तेव्हा ओटो तेथे जिवंत होते. पत्नी एडिथ तीनच आठवड्यांपूर्वी त्याच छावणीत मरण पावली होती. जूनमध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमला परतले. मार्गोट आणि अ‍ॅन या दोन्ही मुली बर्गन-बेल्सन छावणीत गेल्याचे त्यांना जुलैमध्ये कळले. आठांपैकी ते एकटेच उरले होते.

छाप्यानंतर मीप गीस यांनी जमिनीवर विखुरलेले अ‍ॅनचे कागद गोळा करून टेबलाच्या खणात ठेवले होते. ते अ‍ॅनलाच परत द्यायचे, म्हणून त्यांनी ते वाचलेही नव्हते. आता त्यांनी ते ओटोंच्या हाती दिले. वाचताना पित्याला जाणवले की आपली मुलगी किती खोलवर विचार करत होती, हे आपल्याला कधी उमगलेच नव्हते. लेखिका होण्याची तिची इच्छा होती. ती ओळखून त्यांनी 25 जून 1947 रोजी दैनंदिनी प्रसिद्ध केली.

पुढे पुस्तकाला, नाटकाला आणि चित्रपटाला मोठे यश मिळाले. बँकेच्या नोकरीत विश्वस्तांची खाती पाहत आल्यामुळे मला ओटोंच्या आयुष्याचा हा भाग विशेष मोलाचा वाटतो. लपण्याची ती इमारत पाडली जाणार होती. ती वाचवण्यासाठी 1957 मध्ये प्रतिष्ठान स्थापन झाले आणि 3 मे 1960 रोजी ती वास्तू लोकांसाठी खुली झाली. खोल्या मात्र रिकाम्याच ठेवाव्यात, असा ओटोंचा आग्रह होता. सामान जसे नेले गेले, तशीच ती जागा दिसावी. शेजारच्या वास्तूत निरनिराळ्या देशांतील तरुणांची संमेलने भरू लागली. 1963 मध्ये त्यांनी बाझेल येथे दुसरा निधी स्थापन केला आणि पुस्तकाचे मानधन सत्कार्यासाठी तिकडे वळवले. जगभरातून मुलांची हजारो पत्रे येत. ओटो आणि त्यांच्या दुसऱ्या पत्नी फ्रिट्झी, ज्या स्वतः आउश्वित्झमधून वाचल्या होत्या, त्या पत्रांना उत्तरे लिहीत.

सूडाची संधीही त्यांच्यासमोर आली होती. छापा घालणारा अधिकारी 1963 मध्ये व्हिएन्नात सापडला. त्याने हुकमाचे पालन केले आणि आपल्याशी तो नीट वागला, असेच ओटोंनी सांगितले. दैनंदिनी बनावट आहे असे एका जर्मन शिक्षकाने लिहिले, तेव्हा मात्र ते न्यायालयात गेले. तज्ज्ञांनी हस्ताक्षराची सत्यता सिद्ध केली आणि त्या शिक्षकाला आपले विधान मागे घ्यावे लागले. माणसाविषयी द्वेष नाही आणि असत्याला सवलतही नाही, अशी त्यांची सहिष्णुता होती.

19 ऑगस्ट 1980 रोजी, वयाच्या एक्क्याण्णव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मुलीचे मूळ हस्तलिखित त्यांनी मृत्युपत्राद्वारे डच सरकारच्या स्वाधीन केले.

आपल्या पेढ्यांवर आणि दुकानांत अनेक जातिधर्मांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या काम करतात. घरातील मुलांना हिशेब शिकवताना ओटो फ्रँक आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांची हकीकतही सांगावी. संकटकाळी तेथे उपयोगी पडली ती चांगल्या दिवसांत जपलेली माणुसकी.